चढ गेला कुठे?

हाँगकाँगला जाऊन आलेली माणसं व्हिक्टोरिया पीकबद्दल बोलताना दोन गोष्टी हमखास सांगतात. ट्राम इतकी उभी चढते की पाठ बाकाला चिकटून बसते. आणि वर पोचल्यावर डोंगराभोवती चांगली तासभर पायपीट झाली, पण दम म्हणून लागला नाही. मग ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी, बहुधा राजगड-तोरण्यावर गुडघे दुखवून घेतलेलं, विचारतं : अहो, डोंगर आहे ना तो? मग चढ गेला कुठे?

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. ज्या वाटेबद्दल तो विचारला जातो तिचं नाव लुगार्ड रोड. पीकचा माथा ५५२ मीटर उंच आहे. त्याच्या खाली, समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर, ही वाट डोंगराच्या उत्तर आणि पश्चिम अंगाने जाते. पश्चिमेच्या टोकाला तिला हार्लेक रोड भेटतो आणि तो दक्षिणेच्या बाजूने फिरून पुन्हा ट्रामच्या स्टेशनपाशी आणून सोडतो. एकूण फेरी साडेतीन किलोमीटरांची. बाबागाडी ढकलणारे आईवडील, काठी टेकणारे आजोबा, पहाटे धावणारे बँकवाले, सगळे तिथे दिसतात. एका बाजूला झाडी आणि भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्यापलीकडे सगळं बंदर खाली अंथरलेलं.

या वाटेचा सपाटपणा निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी केलेला आहे आणि आजही रोज राखावा लागतो. त्या डोंगरावर सर्वांत जास्त मेहनत जर कुठे खर्च झाली असेल, तर ती या बिनमेहनतीच्या वाटेवर. ती कशी, ते एकेक करून पाहू.

१. डोंगराला आडवं जाणं

मे महिन्यात कोयनेचा जलाशय उतरतो तेव्हा भोवतालच्या टेकड्यांवर मातीच्या आडव्या रेघा उघड्या पडतात. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं तिथे तिथे एक रेघ. त्यातली कुठलीही एक रेघ धरून चालायला लागलात तर टेकडीला वळसा पडेल, पण तुम्ही ना वर जाल ना खाली, कारण पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच होती. शाळेच्या भूगोलात आपण जिला समोच्च रेषा म्हणून नकाशावर गिरवत होतो ती हीच. लुगार्ड रोड म्हणजे अशी एक रेषा, बहुतांशी धरून ठेवलेली आणि वरून डांबर-काँक्रीट घातलेली.

चढ वाचवण्याची किंमत अंतराच्या रूपात मोजावी लागते. डोंगर काही गुळगुळीत शंकू नसतो. त्याला सोंडा असतात आणि सोंडांच्या मधे घळी. समान उंचीवरची रेषा प्रत्येक सोंडेला बाहेर येते आणि प्रत्येक घळीत आत शिरते. त्यामुळे समोर हाकेच्या अंतरावर दिसणारं वळण गाठायलाही आत जाऊन बाहेर यावं लागतं.

हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? हिशेब करून पाहता येतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा दिला, तो आजही वापरला जातो : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा, आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे एक तास वाढवा. आता साडेतीन किलोमीटरांची फेरी सपाट असेल तर लागतात ४२ मिनिटं. तेवढ्याच अंतरात ३०० मीटर चढ असता तर अर्धा तास वाढून ७२ मिनिटं झाली असती. म्हणजे चढ टाळण्यासाठी दोन-अडीच किलोमीटरांचा वळसा पडला तरी वेळेत आपण बरोबरीत सुटतो, आणि शर्टही कोरडा राहतो. प्रत्यक्षात लोक इथे तास-सव्वातास लावतात. पण त्याला चढ जबाबदार नाही, फोटो जबाबदार आहेत.

२. रस्ता ठेवायचा कशावर?

नकाशावर रेषा काढणं सोपं. डोंगरावर ती उतरवायची तर पायाखाली रुंदी लागते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना या बाबतीत निसर्गाची सवलत आहे. आपले डोंगर लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचे. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो आणि कड्याच्या मधोमध एक आडवी सपाटी तयार होते. ट्रेक करणारे तिला पदर म्हणतात. गडाला आडवं जायचं तर पदरावरून जावं, वाट बहुधा सापडते. पीकच्या डोंगराला असे पायऱ्या-पायऱ्यांचे थर नाहीत. तिथे उतार सलग खाली जातो, आणि सपाटी हवी असेल तर ती तयार करावी लागते.

पहिला उपाय म्हणजे डोंगर कापणं. समजा उतार असा आहे की एक मीटर आत गेलं की एक मीटर वर चढतो. तीन मीटर रुंदीचा रस्ता त्यात कोरायचा तर आतल्या बाजूला तीन मीटर उंचीची कापलेली भिंत उभी राहील. उतार याच्या दुप्पट तीव्र असेल तर तेवढ्याच रस्त्यासाठी भिंत सहा मीटर. उतार जसा उभा होत जातो तसा काप वाढतो, माती-दगड जास्त काढावे लागतात, आणि उघडी पडलेली भिंत कोसळण्याची भीतीही वाढते.

दुसरा उपाय, निम्मं कापायचं आणि निघालेला माल बाहेरच्या अंगाला टाकून निम्मा भराव करायचा. आपल्या बहुतेक घाटरस्त्यांवर हेच केलेलं असतं. पण फार उभ्या उतारावर भराव थांबत नाही, सरळ खाली जातो; आणि इथे खाली शहर होतं.

म्हणून लुगार्ड रोडच्या सर्वांत उभ्या भागात तिसरा उपाय केला. रस्ता कोरलाही नाही आणि भरलाही नाही. उतारावर काँक्रीटचे खांब उभे केले, त्यावर फळीसारखा सपाट थर टाकला आणि वाट चक्क डोंगराच्या बाहेर काढली. काम १९१३-१४ च्या सुमारास सुरू झालं आणि १९२१ च्या आसपास पुरं झालं. मधे पहिलं महायुद्ध येऊन गेलं. चालणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. शहराकडे बघण्याच्या नादात आपण खांबांवर चाललोय हे कळायला वळणावर थांबून मागचा तुकडा बाजूने बघावा लागतो. माझ्या मते या वाटेवरचं सर्वांत बघण्यासारखं दृश्य तेच आहे, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही.

वाट अरुंद आहे. दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल. वाटेवर थोडे जुने बंगले आहेत, त्यांच्या रहिवाशांखेरीज मोटारी फारशा येत नाहीत. शांतता टिकून आहे ती या अरुंदपणामुळेच.

या वाटेला ज्याचं नाव आहे तो फ्रेडरिक लुगार्ड १९०७ ते १९१२ हाँगकाँगचा गव्हर्नर होता. जन्म मद्रासचा, १८५८ चा. पुढे नायजेरियात त्याने गाजवलेली कारकीर्द हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय आहे.

३. एवढा डोंगर बंदराच्या इतका जवळ कसा?

वाटेवर उभं राहून खाली पाहिलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो. इथून पाण्यापर्यंतचं आडवं अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर, आणि उंचीचा फरक चारशे मीटर. शहराला मधे जागा उरली आहे ती एका पट्टीपुरती.

याचं उत्तर दोन दगडांत आहे. सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी या भागात प्रचंड ज्वालामुखी होते. त्यांनी फेकलेली राख साचून, तापून, घट्ट होऊन टणक खडक झाला. पीकचा डोंगर बहुतांशी त्याचा आहे. त्याच काळात जमिनीखाली जो रस वर न येताच थंड झाला त्याचा ग्रॅनाइट बनला. (आपला काळा पाषाण त्या मानाने तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा.) ग्रॅनाइट म्हटलं की स्वयंपाकघरातला न झिजणारा ओटा आठवतो, पण उष्ण आणि दमट हवेत, लाखो वर्षांच्या हिशेबात, तो खोलवर कुजतो. त्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज पाण्याच्या संगतीने चिकणमाती होतं आणि दगडाची भरभरीत माती उरते. राखेचा खडक त्याच्यापेक्षा चिवट निघाला. म्हणून ग्रॅनाइटची जागा खोलगट झाली आणि राखेचा खडक डोंगर होऊन उभा राहिला.

बंदर म्हणजे ही खोलगट जागा. सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती आणि किनारा शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. आज जिथून बोटी जातात तिथे तेव्हा दरी होती. हिम वितळलं, समुद्र चढला, दरी बुडाली. डोंगरांनी वेढलेली बुडालेली दरी याचा अर्थ खोल पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा. १८४१ मध्ये ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतलं ते या दोन गोष्टींसाठी. जमिनीत त्यांना रस नव्हता; जमीन होतीच कुठे?

मग ती बनवली गेली. पहिला किनारा क्वीन्स रोडच्या आसपास होता. तो रस्ता आज उंच इमारतींच्या गर्दीत पाण्यापासून बराच आत हरवलेला आहे. त्याच्या पुढचं सगळं दीड शतकभर समुद्रात भर टाकून मिळवलेलं. बॅकबे आणि नरिमन पॉइंट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बंदर इतकं अरुंद होत गेलं की १९९७ मध्ये ते वाचवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

४. कठड्यावरून काय काय दिसतं?

ट्रामच्या स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की झाडी बाजूला होते आणि सगळं एकदम समोर येतं. स्टेशनाच्याच टॉवरच्या गच्चीवर तिकीट काढून हेच बघता येतं. पण वाटेवर ते फुकट आहे आणि कोनही जास्त चांगला आहे.

आधी समोरचे उंच मनोरे. पाण्यालगतच्या आयएफसी इमारतीची उंची ४१२ मीटर. ती समुद्राच्या पातळीवर, भराव टाकलेल्या जमिनीवर उभी आहे, आणि तुम्ही उभे आहात ४०० मीटरांच्या आसपास. म्हणजे तिचा शेंडा जवळजवळ तुमच्या डोळ्यांच्या रेषेत. पलीकडच्या काठावरची आयसीसी ४८४ मीटरांची, तिच्याकडे मात्र थोडी मान वर करावी लागते. गगनचुंबी इमारतीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, तोही लिफ्टविना, अशी ठिकाणं जगात फार नसतील.

किती लांबचं दिसतं? यासाठीही एक सोपा हिशेब आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज ठरावीक अंतरावर संपतं. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.६ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. पुळणीवर उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर, म्हणजे क्षितिज साडेचार किलोमीटरांच्या आतच. लुगार्ड रोडवर ४०० चं वर्गमूळ २०, गुणिले ३.६, म्हणजे ७२ किलोमीटर. अर्थात वाटेत काही आडवं नसेल तर. उत्तरेला, बंदराच्या पलीकडे, कौलूनच्या मागे डोंगरांची रांग आहे आणि नजर तिथेच अडते. पश्चिमेला आणि दक्षिणेला बेटं आणि खुला समुद्र आहे, तिकडे हा हिशेब खरा ठरू शकतो, हवा स्वच्छ असेल तेव्हा.

आणि ती नेहमी नसते. शंभर मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशांनी थंड होते. ४०० मीटरवर अडीच अंशांचा फरक पडतो. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरची ओलसर हवा डोंगराला धडकून वर सरकते, एवढ्या गारव्यातही तिच्यातली वाफ सुटते आणि वाट ढगात जाते. खाली शहरात नुसतं मळभ असतं, वर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्या दिवसांत तिकीट काढून वर गेलेल्या पर्यटकांचे चेहरे मात्र स्पष्ट दिसतात. दृश्य हवं असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर.

पाण्यावर हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या ठेंगण्या बोटी इकडून तिकडे जाताना दिसतील, ती स्टार फेरी. तिची सुरुवात दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थाने केली. १८८८ मध्ये त्याने कौलून फेरी कंपनी काढली. दहा वर्षांनी तिचं नाव स्टार फेरी झालं. कौलूनच्या काठावर बोटी जिथे लागतात त्या चिम शा चुईत मोदी रोड नावाचा रस्ता आहे. तो मुंबईत जन्मलेल्या होरमसजी नवरोजी मोदींच्या नावाचा. याच मोदींनी हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी पैसा देऊ केला. मार्च १९१० मध्ये गव्हर्नर लुगार्डने तिची पायाभरणी केली. मोदी १९११ मध्ये वारले आणि विद्यापीठ १९१२ मध्ये उघडलं. मुंबई आणि हाँगकाँग या दोन बंदरांमधल्या पैशाची मुळं कुठे होती हेही सांगून टाकायला हवं : मुंबईच्या धक्क्यावरून चीनकडे जाणारी माळव्याची अफू. जमशेटजी जीजीभॉय आणि हाँगकाँगच्या इतिहासात ज्याचं नाव टाळता येत नाही तो विल्यम जार्डिन हे या धंद्यातले जुने दोस्त.

५. वर राहायचं कुणी?

अडीच अंशांचा गारवा आज किरकोळ वाटेल. विजेचे पंखे नसलेल्या काळात, दमट उन्हाळ्यात, तो ऐश्वर्य होता. माथेरान-महाबळेश्वर ज्या कारणाने वसली त्याच कारणाने गोऱ्या साहेबांनी पीकवर बंगले बांधले. तिथवर जायचं तर खुर्चीत बसायचं आणि ती चिनी मजुरांनी खांद्यावर वाहायची. ३० मे १८८८ ला ट्राम सुरू झाली तेव्हा हा प्रवास मिनिटांवर आला. ही ट्राम म्हणजे केबलने ओढला जाणारा डबा. सुमारे सव्वा किलोमीटरांत ती साडेतीनशे मीटरहून जास्त चढते. लुगार्ड रोडने चढ पसरवून टाकला, ट्रामने तो एका दोरीत गोळा केला.

पण वर कुणी राहायचं हे फक्त पैशाने ठरत नव्हतं. १९०४ मध्ये कायदाच झाला की पीकवर चिनी माणसाला राहता येणार नाही, नोकरचाकर अपवाद. कारण सांगितलं गेलं आरोग्याचं, हिवतापाचं. दहाच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, याच डोंगराच्या पायथ्याच्या दाटीवाटीच्या चिनी वस्तीत प्लेगने थैमान घातलं होतं आणि अलेक्झांडर येर्सिनने त्या साथीतच प्लेगचा जंतू ओळखला होता. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत उतरला, पुढचं आपल्याला ठाऊक आहे. साथीची भीती खरी होती. पण त्या भीतीच्या आधाराने कातडीच्या रंगावर उभी केलेली भिंत १९४६ पर्यंत टिकली, हे आरोग्याच्या कारणाने समजावता येत नाही. ट्रामच्या डब्यात पुढची दोन आसनं गव्हर्नरसाठी राखून ठेवण्याची चाल तर १९४९ पर्यंत चालली.

म्हणजे ही वाट बांधली गेली तेव्हा खालच्या शहरातल्या बहुसंख्य माणसांना वर राहून आपलंच शहर बघण्याचा अधिकार नव्हता. आज रविवारी तिथे जी झुंबड उडते, तिच्याकडे या नजरेने पाहिलं तर गर्दीचा राग येत नाही.

६. मुळांचा कारभार

वाटेच्या पश्चिम टोकाकडे एक झाड जवळजवळ सगळ्यांना थांबवतं. लांबलचक पारंब्या लोंबताहेत, मुळं एकमेकांत गुंतून जाळी झाली आहे. हे रबराचं झाड : आपण दिवाणखान्याच्या कुंडीत जाड, चकचकीत पानांचं ठेवतो तेच. मोकळी जमीन आणि ओलावा मिळाला की ते काय होऊ शकतं ते इथे पाहावं. मूळ घर ईशान्य भारताकडचं. मेघालयात ओढ्यांवर जिवंत मुळांचे पूल विणतात तेही याच जातीचे.

भोवतालची झाडी बघून हे पुरातन अरण्य असावं असा समज होतो. तसं नाही. ब्रिटिश आले तेव्हा हे डोंगर बव्हंशी उघडे होते. १८७० च्या दशकापासून लागवड झाली, ती दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अमलात सरपणासाठी तुटली, आणि युद्धानंतर पुन्हा लावली गेली. लागवडीमागे शोभेची हौस होती तशी गरजही. झाड दोन प्रकारे उतार राखतं : मुळं माती बांधून ठेवतात, आणि पानं जमिनीतलं पाणी उपसून हवेत सोडतात.

पण तेच झाड भिंतीत उगवलं तर? आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजला की घरातली मोठी माणसं लगेच अस्वस्थ होतात. हाँगकाँगच्या जुन्या दगडी संरक्षक भिंतींवर वडाच्या जातीची शेकडो झाडं अशी उभ्याने वाढलेली आहेत. दगडांच्या फटींतून शिरलेली मुळं भिंतीच्या मागच्या मातीत जातात, काही ठिकाणी भिंतीला आवळून धरतात, काही ठिकाणी तिला बाहेर ढकलतात. कुठलं झाड काय करतंय हे बाहेरून कळणं अवघड. २०१५ मध्ये बॉनम रोडवरचं असं एक झाड कोसळलं आणि त्यानंतर तिथली आणखी चार तोडली, तर लोक हळहळले आणि भांडलेही. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, आणि त्यामुळे निर्णय घेणाऱ्याची जागा नको वाटते.

कठड्याखाली, झाडांच्या शेंड्यांवर, घारी तरंगत असतात. मुंबईच्या आकाशात दिसते तीच घार. फरक इतकाच की इथे तिची पाठ दिसते.

७. पाऊस

हाँगकाँगला वर्षाकाठी साधारण २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईइतकाच म्हणा. आणि मुंबईसारखाच तो कधीकधी एकदम कोसळतो. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री तिथल्या वेधशाळेत एका तासात १५८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. १८८४ पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक.

१५८ मिलिमीटर म्हणजे नेमकं किती? एक गुंठा जमीन घ्या, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर तासाभरात पडलेलं पाणी भरतं १६ हजार लिटर. दहा हजार लिटरचे दीड टँकर, एका गुंठ्यावर, एका तासात. आता तो गुंठा सपाट नाही, तिरका आहे, आणि त्याच्या खाली माणसं झोपली आहेत.

उतारावरची माती एरवी जागेवर का राहते? कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात, घर्षणाने अडकून असतात. पाणी मुरलं की मातीचं वजन वाढतं, हे कुणालाही सुचेल. त्याहून घातक दुसरं घडतं : कणांमधल्या पोकळ्या पाण्याने पुऱ्या भरल्या की ते पाणी आतून कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागतं. दाब कमी झाला की घर्षण कमी होतं, आणि एका क्षणी सगळा उतार एकदम सुटतो. म्हणून दरड बहुधा पहिल्या सरीला कोसळत नाही. दोन-तीन दिवसांच्या संततधारेने पोट भरल्यावर शेवटच्या जोरदार सरीला कोसळते. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही नावांआधीचे दिवस आठवून पाहा.

हाँगकाँगचा असा दिवस १८ जून १९७२. तीन दिवसांत साडेसहाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. दुपारी कौलूनच्या बाजूला साउ माउ पिंग इथे भरावाचा उतार वस्तीवर कोसळून ७१ माणसं गेली. रात्री नऊच्या सुमारास पीकच्याच उतारावर, पो शान रोडच्या वर, डोंगर सुटला. बांधकामासाठी खाली डोंगर कापून ठेवलेला होता. सुटलेल्या मातीने वाटेतली बारा मजली निवासी इमारत पाडली. ६७ माणसं गेली. चार वर्षांनी साउ माउ पिंगमध्ये पुन्हा तेच, १८ मृत्यू. तेव्हा १९७७ मध्ये सरकारने उतारांसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी कार्यालय स्थापन केलं.

या कार्यालयाने केलेली गोष्ट ऐकायला कारकुनी वाटते. शहरातला माणसाने कापलेला, भरलेला, बांधलेला प्रत्येक मोठा उतार मोजला आणि त्याला नंबर दिला. असे सुमारे ६० हजार उतार नोंदीत आहेत. उतारापाशी पाटी असते, तिच्यावर नकाशाचा क्रमांक आणि एक अक्षर : सी म्हणजे कापलेला, एफ म्हणजे भराव, आर म्हणजे संरक्षक भिंत. कुठल्या उताराची देखभाल कुणी करायची, सरकारने की इमारतीच्या मालकांनी, तेही लिहून ठेवलेलं. एकदा नंबर पडला की जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. निदान ढकलल्याचं दिसून येतं. जोडीला १९७७ पासूनच दरडींचा इशारा देण्याची पद्धत आहे : पाऊस ठरावीक मर्यादेपुढे गेला की रेडिओ-टीव्हीवरून लोकांना उतारांपासून दूर राहायला सांगतात. त्यानंतर दरडींच्या बळींची संख्या झपाट्याने खाली आली. आपल्याकडच्या दुर्घटना बहुतेक नैसर्गिक उतारांवरच्या आहेत, त्यामुळे तिथली यादी उचलून इथे आणता येणार नाही, हे खरं. पण घाटरस्त्यांचे कापलेले डोंगर तरी मोजता येतील की.

लुगार्ड रोडवर चालताना आता आतल्या बाजूकडे बघा. भिंतीत ओळीने बारकी भोकं किंवा नळ्या दिसतील. भिंतीमागे साचणारं पाणी बाहेर काढायला त्या ठेवल्या आहेत. त्या बुजल्या तर भिंतीला माती आणि पाणी दोन्ही पेलावं लागेल. वर उतारावर पायऱ्यांसारखे उतरत आलेले सिमेंटचे चर दिसतील, ते पावसाचं पाणी मुरण्याआधीच पळवतात. काही जुन्या उतारांवर चुना, सिमेंट आणि माती यांचा गिलावा असतो, त्याला तिथेही चुनामच म्हणतात. चरात पानं साचली की तो भरून वाहतो आणि पाणी नको तिथे मुरतं. म्हणून वाटेवर सर्वांत महत्त्वाचं यंत्र म्हणाल तर झाडू. सकाळी लवकर गेलात तर तो चालताना दिसेल.

पश्चिमेच्या नाक्यावरून हार्लेक रोड धरून परत फिरायचं नसेल तर दोन पर्याय आहेत. १९८५ मध्ये आखलेली पन्नास किलोमीटरांची हाँगकाँग ट्रेल पीकवरून सुरू होऊन याच वाटेने येते आणि पोकफुलामच्या जलाशयाकडे उतरते. दुसरा पर्याय हॅटन रोड. तो बऱ्यापैकी उभा आहे, गुडघ्यांना सह्याद्रीची आठवण येईल. खाली तो कोटवॉल रोडपाशी आणून सोडतो. रॉबर्ट कोटवॉल हा पारशी बापाचा, हाँगकाँगमध्ये मोठा झालेला पुढारी. रस्त्याला नाव त्याचं. १९७२ मध्ये ती बारा मजली इमारत पडली ती याच रस्त्यावर. त्या दुर्घटनेनंतर उताराच्या पोटात आधी आडव्या नळ्या घातल्या. पुढे बोगदेच खोदले आणि बोगद्यांतून वरच्या दिशेने भोकं पाडून डोंगरातलं पाणी खाली काढलं. जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणारी उपकरणं तिथे सतत चालू असतात. तिथून थोडं उतरलं की मोदींच्या पैशातून उभी राहिलेली विद्यापीठाची लाल विटांची इमारत, आणि तिच्या खाली मेट्रोचं स्टेशन. ते डोंगरात इतकं खोल आहे की विद्यापीठाच्या दारातून फलाटाकडे जायला जिना नाही, मोठाल्या लिफ्ट आहेत.